तिसरीतल्या ‘ब’ची उकल : दोन शिक्षकांच्या शाळेत प्रगतिपत्रक बदलताना

हे नमुना प्रकरण आहे. यातली शाळा कुणा एका गावची नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुंडई-मडकईच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास ज्या छोट्या सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, त्यांचे सर्वसाधारण रूप एकत्र करून ती उभी केली आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षिका, मुले अठ्ठावीस : पहिलीत ६, दुसरीत ७, तिसरीत ८, चौथीत ७. एक बाई पहिली-दुसरी सांभाळतात, दुसऱ्या तिसरी-चौथी. सतरा मुलांच्या घरी कोकणी बोलतात, सहांच्या घरी कन्नड, तिघांच्या घरी मराठी आणि दोघांच्या घरी हिंदी. म्हणजे शाळेची भाषा घरातही बोलणारी मुले मोजून तीन. पुढची सगळी गुंतागुंत या आकड्यातून निघते.

जुने प्रगतिपत्रक घडीचे होते. आत विषय आणि दोन सत्रांच्या श्रेणी, खाली हजेरी, उंची, वजन, आणि शेऱ्यासाठी दीड इंच जागा. त्या जागेत बहुतेकांना ‘प्रगती समाधानकारक’ आणि काहींना ‘अक्षर सुधारावे’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले कलम २९ मुलाच्या समजेचे आणि ती समज वापरण्याच्या क्षमतेचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन मागते. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि गुणांच्या जागी श्रेणी आल्या. पण श्रेणी काढली जायची ती गुणांची बेरीज करूनच. आकड्याच्या जागी अक्षर आले, एवढाच काय तो फरक.

सारखे पंधरा गुण, वेगळी दुखणी

तिसरीची गणिताची २५ गुणांची चाचणी घेऊ. पाच भाग, प्रत्येकी पाच गुण : संख्यावाचन-लेखन, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, शाब्दिक उदाहरणे. एका मुलीला मिळाले ५, ५, १, ४, ०. एका मुलाला मिळाले ३, ३, ३, ३, ३. दोघांचे पंधरा, दोघांना ‘ब’. मुलगा सगळीकडे थोडा चुकतो. त्याला संकल्पना येतात, घाईत अंक उलटतो, चिन्ह नीट पाहत नाही. मुलीचे दुखणे दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही ठिकाणी ते खोल आहे. पत्रक मात्र दोघांच्या घरी एकच निरोप नेते.

मुलीच्या वजाबाकीची वही उघडली की गोष्ट आणखी स्पष्ट होते. उदाहरण ४०२ वजा १७८, बरोबर उत्तर २२४. त्याच वर्गात कुणाचे उत्तर ३७६ येते, कुणाचे २३४. लाल शाईत दोन्हींवर एकच फुली पडते. ३७६ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते : चारातून एक, सातातून शून्य, आठातून दोन. वर काय, खाली काय, हे ते पाहतच नाही. वजाबाकी म्हणजे पूर्ण संख्येतून काढणे ही कल्पनाच त्याच्याकडे अजून आलेली नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतात. २३४ लिहिणाऱ्या मुलाने शतक सुटे केले, दशकात दहा आले हेही ओळखले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर मागे नऊच राहतात हे विसरले. ते फक्त एका पायरीवर अडले आहे. मधल्या शून्यावर नऊ लिहून दाखवत दहा-बारा उदाहरणे सोडवून घेतली की बहुतेक वेळा मार्गी लागते. आपल्या मुलीचे उत्तर ३७६ होते.

शाब्दिक उदाहरणांतल्या शून्याचे कारण तर गणितात नव्हतेच. ‘एका दुकानात ४५ नारळ होते. त्यांपैकी १८ विकले गेले, तर किती नारळ शिल्लक राहिले?’ हे तिने वाचले आणि ४५ आणि १८ यांची बेरीज केली. तेच तोंडी कोकणीत विचारले, ‘पंचेचाळीस नाल्ल आशिल्ले, अठरा विकले, कितले उरले?’ तेव्हा तिने बोटे मोडत सत्तावीस सांगितले. अडलेले शब्द होते ‘त्यांपैकी’ आणि ‘शिल्लक’. ‘प्रत्येकी’, ‘एकूण’, ‘अनुक्रमे’ हेही याच पंगतीतले. हे शब्द घरी कुणी बोलत नाही, ते पाठ्यपुस्तकातच भेटतात. म्हणून शाब्दिक उदाहरणांत शून्य मिळालेल्या प्रत्येक मुलाला तेच उदाहरण त्याच्या घरच्या भाषेत तोंडी घालून पाहावे. कन्नड घरातल्या मुलासाठी वरच्या वर्गातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलाची मदत घेता येते. तोंडी जमले तर नोंद भाषेच्या रकान्यात करावी, तोंडीही नाही जमले तर गणिताच्या. ही एक तपासणी केली नाही तर पुढचे सगळे पत्रक चुकीच्या पायावर भरले जाते.

संख्यालेखनात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहिते. ‘एकोणतीस’मधला ‘तीस’ ऐकून ३९ लिहिणारीही मुले असतात. श्रुतलेखनाच्या दहा संख्यांत दोन ‘एकोण’वाल्या आणि दोन उलटणाऱ्या हव्यातच, नाहीतर ही चूक चौथीपर्यंत सापडत नाही.

भाषेच्या रकान्यात नेमके काय मोजायचे

याच मुलीला मराठीतही ‘ब’ होता. तिच्या निबंधातली वाक्ये : ‘आमच्या घराभायर माड आसा.’ ‘आज पाऊस ना.’ ‘मी शाळेंत चलत जाते.’ तीन वाक्यांत पाच लाल खुणा. पण मुलगी जे सांगते ते क्रमाने सांगते, पाहिलेले सांगते, आणि पूर्ण वाक्यात सांगते. ‘भायर’, ‘आसा’, ‘ना’, ‘शाळेंत’वरचा अनुस्वार ही शुद्ध कोकणी रूपे आहेत. तिने चुकीचे मराठी लिहिले असे म्हणण्यापेक्षा तिने बरोबर कोकणी मराठीच्या वहीत लिहिली असे म्हणणे खरे आहे. एकाच श्रेणीत विचार मांडणे आणि मराठी लेखनरूप या दोन गोष्टी कोंबल्या, म्हणून ती मागे पडलेली दिसते.

म्हणून भाषेचा एक रकाना मोडून पाच केले : ऐकून समजणे, बोलणे, वाचणे, लिहून विचार मांडणे, मराठी लेखनरूप. पहिल्या दोहोंत घरची भाषा चालते असे पत्रकावरच लिहिले. पाचव्यात सुधारणा हवी, आणि ती करायची रीतही ठरली. मुलाने लिहिलेले कोकणी रूप खोडायचे नाही, त्याच्या समोर मराठी जोडी लिहायची : आसा–आहे, ना–नाही, भायर–बाहेर. जोड्यांची एक यादी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर वाढत जाते. वर्षाअखेरीस त्या पानाकडे पाहिले तरी प्रगती दिसते. गोव्यातल्या मराठी शाळांत ही गोष्ट दुर्लक्षिणे परवडणारे नाही, कारण इथे ती अपवादाची नसून बहुसंख्य मुलांची आहे.

वाचनासाठी निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता व अंकज्ञानाच्या अभियानाने ठरवलेली उद्दिष्टे आहेत. जुलै २०२१ मध्ये हे अभियान सुरू झाले. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०, तेही समजून. चाचणी अशी : ९० ते १०० शब्दांचा, मुलाने पूर्वी न पाहिलेला उतारा. एक मिनिट वाचन. चुकलेले आणि गाळलेले शब्द वजा, स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर धरायचा. ७२ शब्द वाचले, ९ चुकले, तर ६३. मग उताऱ्यावर चार प्रश्न, त्यातला एक ‘का’ विचारणारा. एका मुलाला चार मिनिटे लागतात, पंधरा मुलांना एक तास. तो तास एका दिवशी काढायचा नाही, आठवड्यात वाटायचा. पाठ्यपुस्तकातला धडा दिला तर मुले डोळे मिटून साठ शब्द म्हणतात, कारण धडा पाठ असतो. उतारा तिसरीच्या पातळीचा, पण पुस्तकाबाहेरचाच हवा.

हा आकडा मात्र पत्रकावर छापू नये, शिक्षिकेच्या नोंदवहीत ठेवावा. छापला की दुसऱ्या दिवसापासून मुले धापा टाकत वाचू लागतात आणि पालक शेजारच्याचा आकडा विचारतात. शिवाय मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. हिंदीत ‘घर के पास’ हे तीन शब्द, मराठीत ‘घराजवळ’ हा एकच. त्यामुळे मराठीतले साठ आणि हिंदीतले साठ यांचे ओझे सारखे नाही. पत्रकावर वाक्य जावे : ‘अनोळखी उतारा न अडखळता वाचते, जोडाक्षरांशी थांबते (उदा. पुष्कळ, स्वच्छ), वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगते.’

नवे पत्रक आले आणि पहिल्या सत्रात गाडे अडले

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली : शिक्षकाबरोबर मूल स्वतः, वर्गमित्र आणि पालक यांचेही मत असलेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत टप्प्याचा (तीन वर्षांच्या वयापासून दुसरीपर्यंत) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, गोव्यात या टप्प्याची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेअंतर्गत ‘परख’ या मूल्यमापन केंद्राने पत्रकाचे नमुने तयार केले. पायाभूत नमुन्यात विकासाची क्षेत्रे आहेत : शारीरिक, सामाजिक-भावनिक, बौद्धिक, भाषा व साक्षरता, सौंदर्यदृष्टी व संस्कृती, आणि शिकण्याच्या चांगल्या सवयी. प्रत्येक कृतीत जाणीव, संवेदनशीलता आणि सर्जनशीलता या तीन क्षमता पाहायच्या, आणि पातळी चढत्या क्रमाने झरा, डोंगर, आकाश अशी दाखवायची.

कल्पना चांगली आहे, पण गणित मांडून पाहू. पहिली-दुसरीची तेरा मुले, सहा क्षेत्रे, तीन क्षमता : एका फेरीत २३४ खुणा. एका खुणेला विचार करून दोन मिनिटे दिली तरी ४६८ मिनिटे, म्हणजे सुमारे पावणेआठ तास. पाने चिकटवणे, चित्रे, पालकांचे रकाने वेगळेच. हे काम दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यावर ढकलले गेले की काय होते ते ठरलेले आहे : बहुतेक मुलांना सर्वत्र ‘डोंगर’, दोन हुशार मुलांना ‘आकाश’, गैरहजर मुलांना ‘झरा’, आणि शेरे एकाच साच्यातले. जुन्या ‘ब’ची जागा डोंगराच्या चित्राने घेतली.

त्यातली सर्वांत घातक चूक गैरहजर मुलांबाबतची. पावसाळ्यात ताप, मग चतुर्थी, आणि परप्रांतीय कुटुंबे अधूनमधून गावी जातात तेव्हा मूल दोन-तीन आठवडे नसते. त्याला जे करताना कुणी पाहिलेच नाही, तिथे खालची पातळी देणे म्हणजे ‘येत नाही’ असे खोटे लिहिणे. नोंदवहीत ‘पाहिले नाही’ अशी चौथी खूण हवी, आणि ज्या मुलाच्या पानावर अशा तीन खुणा झाल्या त्याला पुढच्या आठवड्यात आधी पाहायचे.

दुसऱ्या सत्रासाठी काम असे बांधले. प्रत्येक शिक्षिकेने रोज फक्त तीन मुलांकडे लक्ष द्यायचे. नावे आदल्या दिवशी ठरलेली. पाच दिवसांत पंधरा, म्हणजे प्रत्येक मूल आठवड्यातून एकदा. नोंद दोन ओळींची : काय केले, कुठे अडले. विशेषणे नकोत. ‘हुशार’, ‘खोडकर’, ‘मंद’ हे शब्द नोंदवहीत येता कामा नयेत, कारण त्यांवरून उद्या काय करायचे ते कळत नाही. ‘दशकाच्या काड्या मोजताना गठ्ठा सोडून सुट्या मोजल्या’ हे कळते. सोळा आठवड्यांत मुलामागे साधारण सोळा नोंदी जमतात. पत्रकात त्यांतल्या चार-पाचच जातात. तीन क्षमता प्रत्येक क्षेत्रात दर वेळी भरण्याऐवजी एका कृतीतून जी ठळक दिसली तीच नोंदवायची. रकाने रिकामे दिसतात म्हणून तपासणीत विचारणा होईल ही भीती खरी आहे. भागशिक्षणाधिकाऱ्यांना नोंदवही दाखवून ही पद्धत आधीच समजावून सांगितली तर ती बरीच कमी होते.

पातळ्यांचा अर्थही ठरवावा लागला, कारण दोन शिक्षिकांचा ‘डोंगर’ वेगळा निघाला. पाच वह्या घेऊन दोघींनी एकमेकींना न दाखवता पातळी लिहिली, मग तुलना केली. लेखनात बहुतेक जुळले, सर्जनशीलतेत क्वचितच. तोडगा मदतीच्या मापाचा : कुणी बसून मदत केली तर जमते ते झरा, एखादी खूण दिली की जमते ते डोंगर, स्वतःहून करते आणि दुसऱ्याला सांगते ते आकाश. ही व्याख्या प्रत्येक विषयाला लावता येते. चाळीस मिनिटांची अशी बैठक सत्रात दोनदा पुरते. एकशिक्षकी शाळेने शेजारच्या शाळेबरोबर वह्या बदलाव्यात.

मूल, मित्र आणि पालक

पहिलीच्या मुलांपुढे हसरा, साधा आणि रडका चेहरा ठेवला की बहुतेक जण हसऱ्यावर गोल करतात. यात खोटेपणा नाही, त्यांना शाळा आवडते. स्वतःचे मूल्यमापन हवे तर मुलाच्याच जूनच्या आणि सप्टेंबरच्या वहीची दोन पाने शेजारी ठेवून ‘यातले चांगले कुठले? का?’ असे विचारावे. सहा वर्षांचे मूलही सांगते : ‘हांगा ओळ वाकडी गेल्या’ (इथे ओळ वाकडी गेली). ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे.

मित्राचे मत हा सहा-सात मुलांच्या वर्गात नाजूक प्रकार आहे. काल भांडण झाले असेल तर ते पत्रकात उतरते. म्हणून मताऐवजी घटना विचारायची : ‘या आठवड्यात तिने कुणाला काय शिकवले?’ उत्तर नसेल तर रकाना कोराच ठेवावा.

पालकांचा रकाना घरी पाठवला तर सहीसह कोरा परततो. कारखान्यात पाळीवर जाणारे आई-वडील, त्यांतल्या काहींना देवनागरी वाचता येत नाही. पालक-शिक्षक संघाची बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवून तोंडीच तीन प्रश्न विचारणे सोपे : घरी मूल काय स्वतःहून करते, कशाला टाळते, शाळेबद्दल काय सांगते. उत्तर बाईंनी लिहायचे. आपल्या मुलीच्या आईने सांगितले की दुकानावर सुट्टे पैसे मुलगीच मोजून देते. वजाबाकीत पाचपैकी एक गुण मिळालेली मुलगी पन्नासच्या नोटेतून चौतीस वजा करते, ते पुढे मोजत : पस्तीस, छत्तीस, चाळीस, पन्नास. ही गोष्ट चाचणीत कधीच दिसली नसती. त्याच रीतीवरून बाईंनी पुढे ४०२ वजा १७८ शिकवले : १७८ पासून १८०, मग २००, मग ४००, मग ४०२, दोन, वीस, दोनशे आणि दोन, मिळून २२४. हे जमल्यावर उभी मांडणी आणि गठ्ठे.

त्याच बैठकीत ठरलेला प्रश्न येतोच : ‘बाई, म्हणजे मार्क कितले?’ आणि मागून, ‘वर्गांत कितवी?’ तो टाळू नये. दोन वह्या उघडून दोन पंधरा दाखवावेत, पाच मिनिटांत पालकांना फरक कळतो. मग एकच पान हातात द्यावे : येते काय, अडते कुठे, पुढच्या महिन्यात शाळा काय करणार, घरी काय करावे. घरचे काम दहा मिनिटांचे आणि खर्च नसलेले असावे : बाजारातून आल्यावर हिशोब तिला करू द्या, त्यातले तीन आकडे वहीत लिहू द्या. सोळा पानांचे नवे पत्रक शाळेच्या कपाटात राहिले तरी चालते.

चौथीनंतर पत्रक कुठे जाते

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असतात, पाचवी हायस्कूलला जोडलेली. नव्या रचनेत तिसरी ते पाचवी हा एकच तयारीचा टप्पा आहे. म्हणजे टप्पा चालू असताना मूल शाळा, शिक्षक आणि कधी माध्यमही बदलते. पुढे पाचवीच्या अखेरीची परीक्षा आहे : २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत नियमित परीक्षा, अपयश आल्यास जादा शिकवणी व दोन महिन्यांत पुन्हा संधी, आणि त्यानंतर मूल मागे ठेवायचे की नाही हे सरकारने ठरवायचे. चौथीपर्यंत शब्दांत मांडलेली प्रगती इथे एकदम गुणांत तोलली जाते.

प्रवेशासाठी चौथीचे गुण मागणाऱ्या हायस्कूलला पालकांनी शिक्षण हक्क कायद्यातले कलम १३ दाखवावे. प्रवेशावेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावायला ते मनाई करते. पण पाचवीच्या वर्गशिक्षकाला माहिती मिळणे मुलाच्या हिताचेच आहे. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत, प्रवेश झाल्यावर द्यायचे एक वेगळे पान असावे : घरची भाषा, अनोळखी उतारा कसा वाचते, चार मूलभूत क्रियांत नेमकी कुठली पायरी पक्की आणि कुठली कच्ची, उदाहरणासह, लेखनातल्या कोकणी–मराठी जोड्यांपैकी अजून राहिलेल्या, आणि शिकवताना उपयोगी पडलेली एक रीत.

आपल्या मुलीच्या पानावर चौथीच्या अखेरीस असे आहे : ‘घरी कोकणी. चार अंकी वजाबाकी येते, दोन शून्ये लागून आली (उदा. ५००३) तर पुढे मोजून पडताळा घेते, घेऊ द्यावा. शाब्दिक उदाहरणात ‘प्रत्येकी’ आणि ‘अनुक्रमे’ अजून विचारते. लेखनात ‘आसा’ गेले, ‘ना’ कधी कधी येते. तोंडी हिशोब आधी विचारला की फळ्यावर यायला घाबरत नाही.’